सहावा गठ्ठा

नानामामाकडे जाताना धड चपला घालून जावं, हा आमच्या घराण्याचा जुना धडा आहे. चोरीची भीती नाही. पण दाराबाहेर काढलेल्या चपलेचा अंगठा सैल दिसला, की आपण आत चहा पीत असतो तोवर नानामामा तो दाभणाने शिवून ठेवतो. शिवण्यापलीकडे गेली असेल, तर "टाकू नको, सोल चांगला आहे," म्हणून ठेवून घेतो. मी एकदा त्याच्याकडून निघालो तो डाव्या पायात निळी आणि उजव्या पायात तपकिरी स्लीपर घालून. रिक्षावाल्याने मीटरवर एक रुपया जास्त मागितला नाही. पुण्यात हे घडलं, यावरून माझ्या अवताराची कल्पना यावी.

नानामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वय ७७, लग्नाचं राहून गेलेलं, एरंडवण्यातल्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ५४० चौरस फुटांचा फ्लॅट. १९७२ ते २००६ अशी ३४ वर्षं तो एका सरकारी खात्यात भांडारपाल होता. भांडारपाल म्हणजे ज्याच्या सहीशिवाय खात्यातली टाचणी हलत नाही, आणि हलली तर ज्याच्या पगारातून कापून घेतात, तो. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल आहे, घड्याळ आहे, श्रीफळाच्या दोन्ही करवंट्या आहेत.

लोक त्याला कंजूष म्हणतात, ते मात्र साफ चूक. कंजुषाच्या हातून पैसा सुटत नाही. नानामामाच्या हातून पैसा भराभर सुटतो, सुटत नाही ती पिशवी. माझ्या लेकीच्या कॉलेजची पहिली फी त्याने न विचारता भरली आणि ज्या पाकिटातून पैसे दिले ते पाकीट परत मागून घेतलं.

सरकारी कचेऱ्यांत कागद लावायची एक पद्धत असते, तिचं नाव सहा गठ्ठे पद्धत. प्रलंबित प्रकरणांचा एक गठ्ठा, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणाऱ्या प्रतीक्षाधीन प्रकरणांचा दुसरा, नियतकालिकांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा पाचवा आणि नष्ट करायच्या कागदांचा सहावा. माणसाचं टेबल साफ राहावं म्हणून कुणा शहाण्याने ही पद्धत काढली. नानामामाने ती घरी आणली. त्याच्या स्वयंपाकघरात सुद्धा सहा गठ्ठे आहेत. डाळ शिजत असेल तर ती प्रलंबित. दही विरजलेलं असेल तर प्रतीक्षाधीन.

शिवाय कागदाला आयुष्य असतं. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क-१' १० वर्षांचा, 'क' ५ वर्षांचा आणि 'ड' जेमतेम वर्षभराचा. विजेची बिलं नानामामाने 'ब' वर्गात घातली आहेत, दूधवाल्याचे हिशेब 'अ' वर्गात. का, तर "विजेचं भांडण मिटतं, दुधाचं मिटत नाही." प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात मला एकदा सात मुलींच्या पत्रिका सापडल्या, १९७६ ते १९७९ दरम्यान आलेल्या. प्रत्येकीवर लाल शाईत एकच शेरा होता: 'चर्चा करावी.' कुणाशी, ते लिहिलेलं नव्हतं.

आता घराचं वर्णन करायला हवं, पण कुठून सुरू करू? दारातून आत शिरलं की हॉल लागतो असं आपण म्हणतो. नानामामाकडे हॉल लागत नाही, वाट लागते. ती दीड फूट रुंद, आणि तीही एकेरी. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना सरळ जायचं, परतताना बाथरूमवरून वळसा घालायचा. एकदा दोघे जण समोरासमोर आले, मी आणि गॅसवाला. शेवटी गॅसवाला सिलिंडरसकट उलट्या पावली मागे गेला. दोन्ही बाजूंना गठ्ठे, खोकी, डबे. वनस्पती तुपाचे पत्र्याचे डबे, त्यांत स्टोच्या पिना आणि वाती. स्टो नाही. रॉकेलचं कार्ड आहे, रॉकेल नाही. सरकारी दुधाच्या काचेच्या बाटल्यांची चंदेरी बुचं, दोऱ्यात ओवलेली. रेडिओचं लायसन्स, पोस्टाची तिकिटं चिकटवलेलं. तारेचे कोरे फॉर्म २२. तारसेवा २०१३ साली जुलैमध्ये बंद झाली हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच ठेवलेत. आता मिळणार आहेत का?" चार आण्यांची नाणी एका औषधाच्या बाटलीत, वर चिठ्ठी: '३० जून २०११ पासून अचल.' अचल हा शब्द मला फार आवडला. त्या घरातल्या बऱ्याच गोष्टींना तो लागू होता.

पण नानामामाच्या बुद्धीचा खरा कस कॅलेंडरात दिसतो. २०२५ साल लागलं तरी त्याच्या भिंतीवर २०२५ चं कॅलेंडर नव्हतं. दोन जुनी होती: एक २०१४ चं, एक २००६ चं. मला वाटलं, आता डोकंही गेलं. त्याने शांतपणे खुर्चीवरची रद्दी उचलून मला बसवलं, रद्दी माझ्या मांडीवर ठेवली आणि समजावलं. २०१४ चे सगळे वार २०२५ ला जसेच्या तसे जुळतात, म्हणून वारासाठी २०१४ चं. आणि दर एकोणीस वर्षांनी तिथ्या जवळपास त्याच तारखांवर परत येऊन बसतात, म्हणून तिथीसाठी २००६ चं. "पाडवा बघ. २००६ ला ३० मार्च, यंदा ३० मार्च. गणपती बघ. २००६ ला २७ ऑगस्ट, यंदा २७ ऑगस्ट." मी मोबाइलवर पाहिलं. बरोबर होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुठल्याशा बँकेचं फुकट मिळालेलं नवं कॅलेंडर त्याला आणून दिलं होतं. ते त्याने गुंडाळून रबर लावून ठेवलं होतं आणि वर लिहिलं होतं: 'वारासाठी २०३१, तिथीसाठी २०४४.' २०४४ साली नानामामा ९६ वर्षांचा असेल. हा हिशेब त्याने केलेला नव्हता, तो मी केला.

हे सगळं असंच चाललं असतं. पण सोसायटी पुनर्विकासाला निघाली.

पुण्यात सध्या ज्या सोसायटीचा पुनर्विकास होत नाही तिची माणसं लग्नकार्यात जरा खालच्या आवाजात बोलतात. इथले १२ सभासद गेली चार वर्षं फक्त कार्पेट एरियात बोलत होते. कलम ७९-अ, कॉर्पस, भाडं, शिफ्टिंगचे पैसे. सेक्रेटरींना तर नातवाचं बारसं आणि विशेष सर्वसाधारण सभा यांतला फरक कळेनासा झाला होता. करार झाला, घरं रिकामी करायची तारीख ठरली. अकरा घरं आवराआवरीला लागली. बारावं नानामामाचं. आणि मग मला फोन आला.

फोन समोरच्या वहिनींचा होता. "मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही," अशी त्यांनी सुरुवात केली. या वाक्यानंतर वहिनी साधारण चाळीस मिनिटं बोलतात. त्या दाराला असलेल्या भिंगाला डोळा लावून उभ्या राहतात असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. उभं राहून इतकं दिसणार नाही, त्यांनी तिथे स्टूल ठेवलं असावं. नानामामा मंगळवारी दोन पिशव्या घेऊन खाली गेला आणि तीन घेऊन वर आला, हे मला त्यांच्याकडूनच समजलं. पाठोपाठ सेक्रेटरींनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली: 'काही सभासदांच्या सदनिकेतील अनावश्यक सामानामुळे प्रकल्पास विलंब होण्याची शक्यता असून...' काही सभासद म्हणजे नानामामा. नानामामा त्या ग्रुपवर नाही, कारण त्याचा मोबाइल बटणांचा आहे. असे तीन आहेत. म्हणून सेक्रेटरींनी सूचनेची छापील प्रत त्याच्या दाराखालून सरकवली. नानामामाने ती 'प्राप्त' असा शिक्का मारून नियतकालिकांच्या गठ्ठ्यात लावली.

मी आठ दिवसांची रजा काढून गेलो. पहिल्या दिवशी मी तरुण रक्ताच्या माणसाने करावं ते केलं, चोरी. (माझं रक्त ५१ वर्षांचं आहे, पण मामाच्या घरी भाचा तरुणच.) रात्री दहा वाजता नानामामा झोपल्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि दूधपिशव्या अशा दोन गोण्या गुपचूप खाली नेऊन ठेवल्या. सकाळी साडेसहाला बेल वाजली. समोरच्या वहिनी दोन्ही गोण्या घेऊन उभ्या. "तुमच्या भाच्याच्या खाली राहिल्या होत्या हो, मी म्हटलं कुणी नेईल." दोन मजले चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती. गोणीतल्या बाटल्या त्यांनी आकारानुसार लावूनही आणल्या होत्या. नानामामा मला काही बोलला नाही. फक्त एका वहीत काहीतरी लिहिलं.

त्या आठवड्यात दारावर बेल वाजायची थांबली नाही. तिसऱ्या मजल्यावर एक वास्तुशास्त्राचे अभ्यासक राहतात. व्यवसायाने ते पंपांचे विक्रेते होते, पण निवृत्तीनंतर दिशांकडे वळले. ते होकायंत्र घेऊन आले आणि ईशान्येला अडगळ असल्यामुळेच सोसायटीला टीडीआर कमी मिळाला, असं म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या एकांनी कुणा जपानी बाईंचं पुस्तक वाचलेलं होतं. प्रत्येक वस्तू हातात धरायची, मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाही तर टाकायची. नानामामाने समोर पडलेली गिरणीची पावती हातात धरली, डोळे मिटले, आणि मिटूनच ठेवले. पाच मिनिटांनी ते गृहस्थ आपण होऊन निघून गेले.

तळमजल्यावरची मुलगी मानसशास्त्रात एमए करते. ती वही घेऊन आली आणि फार अदबीने तिने विचारलं, "आजोबा, लहानपणी तुमचं काही हरवलं होतं का?"

"हो. एक छत्री. १९५८."

मागे सेक्रेटरी उभे होतेच. ते टाळी वाजवल्यासारखे म्हणाले, "पानशेत! अहो, पानशेत! १२ जुलै १९६१. हे तेरा वर्षांचे असणार. तेव्हा ज्यांचं वाहून गेलं त्यांनी पुढे आयुष्यभर..." मुलीचे डोळे चमकले. तिने 'पानशेत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझ्याही मनाला ते पटून गेलं. धरण फुटलेलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलेलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात, आणि चिखलात काहीतरी शोधणारा एक मुलगा. मला नानामामाबद्दल एकदम भरून आलं.

नानामामा म्हणाला, "त्या दिवशी मी साताऱ्याला आजोळी होतो. आठवड्याने आलो. आमच्या वाड्याच्या जोत्यालाही पाणी लागलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती एवढं आठवतं." मग सेक्रेटरींकडे बघून म्हणाला, "ज्यांचं खरंच गेलं त्यांनी पुन्हा भांडी घेतली, संसार मांडले. माझ्या वर्गातली सहा घरं होती तसली. त्यातल्या एकाच्याही घरात माझ्यासारखा पसारा नाही. तेव्हा हे पानशेतवर ढकलू नका."

मुलीने दोन्ही रेघांवर काट मारली. मग जरा चाचरत तिने सांगितलं की याला आता आजार मानतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या ग्रंथात त्याची स्वतंत्र नोंद केली. नानामामा प्रथमच सावरून बसला. "२०१३ ला? माझं १९७२ पासूनचं आहे. पूर्वलक्षी प्रभावाने लागू होतो का, तेवढं विचारून सांग."

मुलगी हुशार होती, हसली. जाताना जिन्यात तिने मला एक गोष्ट सांगितली, ती मात्र त्या आठवड्यात मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत कामाची होती. अशा माणसाच्या पाठीमागे घर रिकामं करू नका, निर्णय त्याचा त्याला घेऊ दे, नाही तर तो दुप्पट जमवतो. मला गोण्या आठवल्या. वर येऊन मी नानामामाला सरळ विचारलं, "मामा, तूच सांग. तुझ्या खात्यात जुनं सामान कसं टाकायचे?"

त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"टाकायचे नाहीत रे. निर्लेखन करायचे."

निर्लेखन हा सरकारी मराठीतला अत्यंत देखणा शब्द आहे. लिहिलेलं पुसणं. वस्तू फेकणं महत्त्वाचं नाही. ती वहीतून जायला हवी. त्यासाठी आधी प्रस्ताव, मग समिती, समितीची पाहणी, मूळ किंमत, आजची किंमत, शिफारस, आणि शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी. नानामामाने त्याच संध्याकाळी समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य सेक्रेटरी आणि समोरच्या वहिनी. सक्षम प्राधिकारी अर्थात तोच. शेजाऱ्यांना समितीत घेण्यात केवढी अक्कल आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण त्या दिवसापासून बेल वाजायची बंद झाली. ते आतच होते.

समितीपुढे पहिली वस्तू आली, मिक्सरचं एक भांडं, बुडाचं पातं गेलेलं. पन्नास मिनिटं चर्चा झाली. कालपर्यंत "काडी लावा सगळ्याला" म्हणणाऱ्या वहिनी भांडं उलटंसुलटं करून म्हणाल्या, "अहो, पण स्टील बघा ना. असं स्टील आता येत नाही." सेक्रेटरींनी पातं बसवून मिळण्याचं एक दुकान तपकीर गल्लीत आहे असं सांगितलं; ते दुकान १९९९ साली बंद झालं असं नानामामाने सांगितलं; त्याची पाटी आपल्याकडे आहे असंही सांगितलं. शेवटी भांडं वहिनींनी घरी नेलं, 'तात्पुरतं'.

कचरा न्यायला येणारी 'स्वच्छ' संस्थेची ताई एवढी एकच बाई त्या घरात विनातक्रार शिरायची. ती आणि नानामामा दोघे एकमेकांशी धंद्यातल्या माणसांसारखे बोलत. ती दारात बसून एकेक वस्तू हातात घ्यायची: "हे जातं. हे जात नाही. हे जातं, पण पैसे येत नाहीत." तिला आनंद होतो का, दिशा कुठली, बालपणी काय झालं, यातलं काही लागत नव्हतं. तिच्या 'जातं'ला नानामामा मान डोलावून वहीत खूण करी. आठवड्यात जे काही खरोखर घराबाहेर गेलं ते तिच्या हातून गेलं. जाता जाता ती सेक्रेटरींना म्हणाली, "या आजोबांच्या घरचा कचरा सगळ्यात कमी. तुमची बादली मला दोन माणसं लागतात उचलायला." सेक्रेटरी कार्पेट एरियाबद्दल काहीतरी बोलले.

पाचव्या दिवशी नानामामाने मुख्य वही काढली. कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वर झोकदार अक्षरात: 'जड वस्तू नोंदवही.' अनुक्रमांक, दिनांक, वस्तूचे वर्णन, नग, कोणाकडून, मुदत, शेरा. एकूण ६१२ नोंदी. "प्रत्यक्ष पडताळणी करू," तो म्हणाला आणि वाचायला लागला.

"नोंद ११८. लाकडी पाळणा, एक कडी कमी. दिनांक ३ मार्च १९९१. कोणाकडून: सेक्रेटरी. मुदत: चिरंजीव शाळेत जाईपर्यंत."

सेक्रेटरी खाकरले. चिरंजीव मिशिगनला आहेत आणि त्यांचे चिरंजीव शाळेत जातात.

"नोंद १६४. पितळी घंगाळ, बूड चेपलेलं. १९९८. कोणाकडून: समोरच्या वहिनी. मुदत: सासूबाई असेपर्यंत." सासूबाई मोडीत घालू देत नव्हत्या आणि वहिनींच्या घरात जागा नव्हती. सासूबाई २००९ साली गेल्या.

"नोंद २०३. लंबकाचं घड्याळ, बंद. कोणाकडून: तिसरा मजला. मुदत: नाही. शेरा: 'बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणतात, तुमच्याकडे असू दे.'"

ते घड्याळ ईशान्येच्या भिंतीवर होतं. होकायंत्रवाल्यांनी परवा बोट दाखवलं होतं ते त्याच्याकडेच.

तो वाचत गेला. व्यायामाची सायकल, जिच्यावर कुणी कधी व्यायाम केला नव्हता. बाबागाडी. कुणाच्या तरी वडिलांच्या वकिलीची पुस्तकं. मोडलेल्या लग्नाची छापून झालेली २०० निमंत्रणं, त्यांचा ठेवीदार कोण ते नानामामाने मोठ्याने वाचलं नाही, हाताने झाकून पान उलटलं. ६१२ पैकी ३४७ नोंदी ठेवी निघाल्या. गेली तीस-पस्तीस वर्षं त्या इमारतीत ज्याला जे टाकवत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं, ते तो दुसऱ्या मजल्यावर आणून देत होता आणि खाली जाऊन नानामामाच्या पसाऱ्यावर बोलत होता. नानामामाने कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त सही घेतली.

मला हे सगळं ऐकून भलताच जोर चढला. समितीचा अध्यक्ष या नात्याने मी उभा राहिलो आणि सेक्रेटरींना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात नानामामा म्हणाला, "नोंद १४९. खोकी दोन. इंजिनीअरिंगच्या वह्या, ड्रॉइंग बोर्ड, एक टी-स्क्वेअर. १४ जून १९९६. कोणाकडून: भाचा. मुदत: दोन महिने."

सही माझीच होती. त्या वयात मी सहीखाली दोन टिंबं आणि एक लांब रेघ काढत असे. मी बसलो.

नियम साधा होता. प्रत्येक ठेवीदाराने दोनपैकी एका ठिकाणी सही करायची: 'वस्तू परत मिळाली' किंवा 'नष्ट करण्यास हरकत नाही'. सेक्रेटरींनी पाळण्यापुढे पेन उघडलं. उघडून धरलं. त्यांनी आयुष्यभर बँकेत कर्जांवर सह्या केल्या होत्या, हात थरथरणाऱ्यांतले ते नव्हते. पण पेनाला टोपण लावून म्हणाले, "घरी विचारून सांगतो." वहिनी म्हणाल्या, "माझं नाव त्या रकान्यात नका बाई घालू. सासूबाई वरून बघत असतील." त्यांच्या सासूबाईंच्या बाबतीत हे शक्य आहे, बघण्याची परंपरा त्या घरात जुनी आहे. तिसरा मजला म्हणाला, मुहूर्त बघून. मी माझ्या खोक्यांवरची धूळ पुसली. टी-स्क्वेअर चांगल्या लाकडाचा होता.

"बघ," नानामामा माझ्या कानाशी म्हणाला, "पेशवे दफ्तरातले रुमाल असेच राहिले असतील. कुणीतरी कारकून म्हणाला असेल, घरी विचारून सांगतो. म्हणून रियासतकारांना पंचेचाळीस खंड काढता आले." त्यात विजयाचा सूर नव्हता. भांडारपालाला सामान कुणाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, मोजणी जुळली की झालं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नवी सूचना आली. 'सर्व सभासदांनी आपापल्या वस्तूंबाबत...' अशी ती सुरू होत होती. 'काही सभासद' गेले होते.

त्यानंतरच्या चार रात्री मी नानामामाच्या हॉलमध्ये वाटेवर सतरंजी टाकून झोपत होतो. बारानंतर हळूच टकटक व्हायची. कुणीतरी अंधारात यायचं, सही करायचं, आपली वस्तू उचलायचं आणि चोरासारखं निघून जायचं. पाळणा गेला. व्यायामाची सायकल गेली, जिन्यात तिची घंटी वाजली. तिसऱ्या मजल्याने घड्याळ मुंडाशात गुंडाळून नेलं. निमंत्रणांसाठी कोण आलं ते मी डोळे मिटून घेतल्यामुळे पाहिलं नाही. पहाटे चारला वहिनी आल्या, घंगाळ घेतलं, आणि दारात वळून म्हणाल्या, "बाकी कोणकोण आलं होतं ते मी कुणाला सांगणार नाही हं. मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

टेम्पोच्या दिवशी अकरा घरांचे अकरा टेम्पो अपेक्षेपेक्षा जड झाले. एकांना तर दुसरी फेरी करावी लागली. नानामामाचं सामान एका फेरीत वारज्याच्या भाड्याच्या घरात पोचलं. वाट आता चांगली दुहेरी झाली होती. कॅलेंडरं दोन्ही भिंतीवर लागली. मी निघायला लागलो तेव्हा त्याने कॉटखालून लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा ओढून काढला. सहावा. नष्ट करायच्या कागदांचा. इतर पाच गठ्ठ्यांवर धूळ होती, याच्यावर नव्हती. गाठ सुबक, चिठ्ठी ताजी.

"हा तू घेऊन जा. माझ्याच्याने होत नाही."

"यात आहे काय?"

"ते बघायचं नसतं. बघितलं की तो पहिल्या गठ्ठ्यात जातो."

तो गठ्ठा आता आमच्या माळ्यावर आहे, माझ्या दोन खोक्यांच्या शेजारी. बायकोने विचारलं, हे कधी जाणार. मी म्हटलं, जाणार.

त्या दिवशी वारज्याहून गठ्ठा उचलताना मला अर्थातच सही करावी लागली. नव्या वहीची ती पहिलीच नोंद. नानामामाने सगळे रकाने भरून वही माझ्यापुढे केली, फक्त मुदतीचा रिकामा ठेवला होता. मी लिहिलं: दोन महिने. त्याने चष्मा लावून ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, खिशातून लाल पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चर्चा करावी.'